जेवणघराच्या दारातला तोफगोळा

नॅनांच्या जेवणघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक तोफगोळा लावलेला असायचा. उंची गुडघ्याच्या जरा खाली, अंगाला काळा रंग, टोकाला पितळेची बोंडासारखी टोपी. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वरवंटा उभा करून ठेवलाय.

तेव्हा मी ऑकलंडमध्ये नवीन होते, शिकायला आलेली. ओटाहुहू स्टेशनपासून चालत जाता येईल असं त्यांचं जुनं लाकडी घर होतं आणि मागच्या अंगणात एक सुटी खोली. ती मी भाड्याने घेतली. न्हाणी आणि स्वयंपाकघर त्यांच्या घरातलं वापरायचं, त्यामुळे दिवसातून चारदा तरी मी त्या दारातून जायची. घाईत असले की पायाचं बोट त्या गोळ्यावर आपटायचं. मी मराठीत एक शिवी हासडायची आणि त्या आतून विचारायच्या, "कमांडरना शिव्या देतेस का?"

कमांडर म्हणजे त्यांचे वडील. घरात त्यांना सगळे कमांडरच म्हणत. बायकोसुद्धा.

पुढे मला इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियनची नोकरी लागली, लग्न झालं, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात घर घेतलं, मुलगी झाली. पण त्या घरी जाणं सुटलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, लग्नच केलं नव्हतं. सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं. माझी लेक बोलायला लागल्यावर त्यांना नॅना म्हणू लागली. इथे आजीला तसंच म्हणतात. मग मीही नॅनाच म्हणू लागले. इंग्रजीत तू आणि तुम्ही असला भेद नाही, पण माझ्या मनात त्या कायम 'तुम्ही'च राहिल्या.

कमांडरांची कहाणी मी इतक्यांदा ऐकली होती की नॅना मध्येच थांबल्या तर पुढचं मी सांगू शकले असते. भिंतीवर त्यांचा फोटो होता. पांढरा गणवेश, कमरेला तलवार, आणि चेहरा असा की फोटोग्राफरने काहीतरी चुकीचं केलंय आणि आता त्याचं काही खरं नाही. तेराव्या वर्षी त्यांना इंग्लंडमध्ये नौदलाच्या शाळेत घातलं. ज्या वयात आपल्याकडे पोरं आईला सॉक्स कुठे आहेत विचारतात, त्या वयात हा मुलगा शिडाच्या दोरांवर चढायला शिकत होता. सोळा-सतराव्या वर्षी तो जहाजावर चीनच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला होता. मग तोफांचं खास शिक्षण घेतलं. बारूद किती, कोन कसा, गोळा किती लांब जाऊन पडेल, हे त्यांचं शास्त्र. "डोळे मिटून तोफ जोडायचे," नॅना सांगायच्या, "पण आईसाठी कपभर चहा करणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही."

पहिल्या महायुद्धात ते उत्तर समुद्रात एका वेगवान, पण पातळ पत्र्याच्या युद्धनौकेवर होते. एका धुक्याच्या सकाळी जर्मन जहाजांशी गाठ पडली. एक गोळा जहाजाची कूस फोडून आत शिरला. कमांडरांच्या शेजारी एक तरुण खलाशी उभा होता, झेंड्यांच्या खुणा करणारा. गोळा त्याला लागला आणि तो जागच्या जागी गेला. गोळा मात्र फुटला नाही. घरंगळत आला आणि कमांडरांच्या बुटाला टेकून थांबला.

"बुटाला टेकून," हे नॅना नेहमी हळू आवाजात सांगायच्या, शाळेत गोष्ट सांगतात तसं.

बंदराला पोचल्यावर गोदीतल्या कुणा ओळखीच्याने तो गोळा रिकामा करून दिला, आतली दारू काढून टाकली आणि कमांडरांनी तो आठवण म्हणून ठेवून घेतला. घरात ही गोष्ट अशी सांगितली जायची. नॅनांना ती तशीच माहीत होती, त्यांच्याकडून मला, माझ्याकडून माझ्या नवऱ्याला आणि मुलीला.

युद्धानंतर कमांडर इकडच्या आरमारासाठी उसन्या दिलेल्या एका जहाजाबरोबर न्यूझीलंडला आले. डेव्हनपोर्टच्या तळावर नव्या भरतीच्या पोरांना तोफा शिकवल्या. इथल्याच एका शिक्षिकेशी लग्न केलं. मग मंदी आली, आरमाराने माणसं कमी केली, त्यात हेही गेले. ज्या माणसाला समुद्र आणि तोफा यांपलीकडे काही येत नव्हतं, त्याने शहराच्या दक्षिणेला जमीन घेतली आणि कोंबड्या पाळल्या. अंडी विकायला स्वतः सायकलवरून जायचे, टाय लावून. दुसऱ्या महायुद्धात त्यांना परत बोलावलं, पण जहाज दिलं नाही. वेलिंग्टनला एका टेबलामागे बसवलं. परत आले तोवर तोफांनी बिघडलेला एक कान पार गेला होता. नॅना विशीत असताना झोपेतच गेले. जहाजावर मरण आलं असतं तर आवडलं असतं त्यांना, असं नॅना म्हणायच्या.

आणि तो गोळा तिथेच राहिला, दाराशी. दर वर्षी त्याला शेगडीला देतात तो काळा रंग द्यायचा ही नॅनांच्या आईची प्रथा नॅनांनी चालवली. माझ्या मुलीने तर त्याचं बारसंच केलं होतं. थंडी सुरू झाली की त्याच्या पितळी टोकावर नॅनांनी विणलेली लोकरीची टोपी घालायची, हे तिचं काम.

माझी आई बाळंतपणासाठी आली होती, तेव्हा मध्येच दसरा आला. आदल्या दिवशी आम्ही नॅनांकडे गेलो होतो. आईला मी गोळ्याची हकिकत सांगितली, तर ती म्हणाली, "म्हणजे शस्त्रच की. मग आज खंडेनवमी, त्याची पूजा नको?" नॅनांना हे भलतंच आवडलं. त्यांनी बागेतलं पिवळं फूल आणून दिलं. आईने गोळ्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि त्याच्या बुडाशी बटाट्याच्या फोडीत खोचून उदबत्ती लावली. आम्ही तिघी हात जोडून उभ्या, बाळ माझ्या खांद्यावर. त्याचा फोटो आहे माझ्याकडे. आता मला तो बघवत नाही.

मागच्या वर्षी नॅना बागेत पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांचा धीर मोडला. नव्वदीच्या आसपासचं वय, एकटं घर. त्यांनीच ठरवलं की घर विकायचं आणि वृद्धांसाठीच्या वसाहतीत एक खोली घ्यायची. सामान वाटायला काढलं. कपाट शेजाऱ्यांना, शिवणयंत्र माझ्या मैत्रिणीला. राहता राहिला गोळा.

"हा तू घेऊन जा," त्या मला म्हणाल्या. "नौदलाच्या जुन्या वस्तू ठेवणारं एखादं संग्रहालय बघ. कमांडरांना एखाद्या कपाटात तरी जागा मिळू दे."

नवरा टेम्पोबरोबर नव्या जागी गेला होता. त्याने जाण्याआधी गोळा उचलून आमच्या गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला. "तांदळाच्या मोठ्या पोत्याएवढा जड आहे गं," म्हणाला. मी गाडी सुरू केली तर सीटबेल्टचा अलार्म वाजायला लागला. गाडीला वाटलं, कुणीतरी माणूस बसलंय. म्हणून मी गोळ्याला पट्टा बांधला. मागून लेकीने त्याला टोपी घातली. आणि आम्ही मोटरवेला लागलो.

संध्याकाळची गर्दी होती. दोन्ही बाजूंनी ट्रक. एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, तिथे खड्ड्यात चाक असं दणकन गेलं की लेक मागे ओरडली. थोडं पुढे समोरच्याने अचानक ब्रेक मारला, मीही मारला. गोळा पट्ट्यात पुढे झुकला आणि मी डाव्या हाताने त्याला धरलं. शेजारी मूल बसलेलं असलं की आपोआप हात जातो ना आडवा, तसा.

घरी आल्यावर तो गॅरेजमध्ये ठेवला, कपडे वाळवायच्या ड्रायरला लागून. तिथे तो आठवडाभर तरी होता. पाऊस चालू होता, ड्रायर रोज लागायचा. मी त्याचे चार-पाच फोटो काढून एका संग्रहालयाला ईमेल केले आणि विसरून गेले.

शाळेला सुट्टी होती. माझी त्या दिवशी ड्यूटी नव्हती. मी भाजी चिरत होते, फोन वाजला. "किआ ओरा," इथला माओरी नमस्कार. पलीकडे एक बाई होत्या, संग्रहालयातल्या. आवाज अगदी प्रसन्न. फोटो मिळाले, फार छान, कमांडरांबद्दल आम्हाला नक्कीच रस आहे वगैरे. मग त्यांनी विचारलं, "हा गोळा निकामी केल्याचा काही पुरावा आहे का घरात?"

"तो रिकामा आहे," मी म्हटलं. "त्यांनी तेव्हाच रिकामा करून घेतला होता."

"हो, पण आमच्या इथल्या जाणकारांनी फोटो पाहिले. टोकाचं ते पितळ आहे ना, ती टोपी नाही. ती त्याची कळ आहे, आपटल्यावर पेटणारी. ती अजून जागेवरच आहे. रिकामा करणाऱ्याने ती काढली असती." त्या जरा थांबल्या. "आत्ता कुठे आहे तो?"

"गॅरेजमध्ये."

"आणि घरात कोण कोण आहे?"

तेव्हा मला ऐकू आलं. गॅरेजमधून चाकांचा आवाज येत होता. बाहेर पाऊस म्हणून लेक आत स्कूटर चालवत होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

मी पळाले नाही. पळता आलंच नाही. गॅरेजचं आतलं दार उघडलं. ती गोळ्याला वळसा घालून येत होती. मध्ये वीतभर अंतर असेल नसेल.

"थांब," मी म्हटलं. "स्कूटर खाली ठेव. हळू. हळू ठेव."

"व्हाय? व्हॉट डिड आय डू?"

"काही नाही केलंस. ये माझ्याकडे."

"आई, युअर फेस इज सो वियर्ड."

तिने स्कूटर ठेवली नाही, सोडून दिली. ती सिमेंटवर पडली, खणकन. त्या आवाजाने माझ्या तोंडून जे काही निघालं त्याला शब्द म्हणता येणार नाही. मी तिला बखोटीला धरून ओढलं आणि स्वयंपाकघरातून, पुढच्या दारातून, पावसात, अनवाणी, रस्त्याच्या पलीकडे घेऊन गेले. फोन हातात होता. त्यातून त्या बाई सांगत होत्या, "मी पोलिसांना कळवतेय. तुम्ही परत आत जाऊ नका. कशासाठीही जाऊ नका. ऐकताय ना?"

गॅसवर कुकर नव्हता, एवढं एकच मला सुचत होतं. बरं झालं, कुकर लावला नव्हता.

पोलीस आले, मग लष्कराचं बॉम्ब निकामी करणारं पथक. तोवर आमच्या अख्ख्या गल्लीतली घरं रिकामी केली होती. जिथे शेजारी एकमेकांना फक्त गाडी मागे घेताना हात करतात, तिथे सगळे पार्कातल्या छपराखाली एकत्र उभे होते, जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून, कुणी टॉवेल डोक्यावर घेऊन. समोरच्या घरातल्या चिनी आजी हातात अर्धा सोललेला लसूण घेऊन आल्या होत्या. डाव्या बाजूच्या पंजाबी काकांनी मला विचारलं, "बेटा, क्या हुआ है किसी को पता है?" आणि मला ते सांगता येईना. काका, तो माझ्याकडचा आहे, हे वाक्य तोंडून निघेना. शेवटी लेकीनेच मोठ्याने सांगून टाकलं, "इट्स अवर बॉम्ब." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.

नवरा ऑफिसमधून निघाला होता. त्याला पोलिसांनी कोपऱ्यावरच अडवलं. तो पलीकडे, आम्ही अलीकडे, मध्ये पिवळी फीत. फोनवर तो एकच विचारत होता, "मी उचलला ना गं तो? मी छातीशी धरून उचलला."

पथकाचा सार्जंट पन्नाशीचा, शांत माणूस होता. गोळा इथे कसा आला ते त्याने मला विचारलं. मी सांगितलं. सीटवर ठेवून, मोटरवेवरून. त्याने पेन थांबवलं.

"पट्टा लावला होता?" त्याने विचारलं.

"हो."

"स्वीट ॲज," इथल्या बोलीत झकास, तो म्हणाला, पण हसला नाही.

त्यांनी गोळ्याचा एक्स-रे काढला, त्यांच्या छोट्या यंत्राने, गॅरेजमध्येच. मी हॉस्पिटलात काय काम करते हे त्याला बोलण्यातून कळलं होतं. म्हणून असेल, त्याने व्हॅनपाशी नेऊन मला पडद्यावर चित्र दाखवलं. असली चित्रं मी रोज बघते. हाड पांढरं दिसतं, हवा काळी. फुप्फुसं काळी दिसतात कारण त्यांत हवा असते. गोळा पोकळ असता तर मधोमध काळी जागा दिसायला हवी होती. मी ती शोधली. चित्राच्या कडेपासून कडेपर्यंत शोधली. काळी जागा नव्हती. आतून तो गच्च भरलेला होता.

"सगळं तसंच आहे?" मी विचारलं.

"सगळं," तो म्हणाला. "त्याच्या कळीला मार लागलाय, जहाजात शिरताना लागला असेल. म्हणून तेव्हा उडाला नाही. नंतर कधी उडाला असता, आज, उद्या, कधीच नाही, कुणीच सांगू शकत नाही."

"त्याच्याजवळ उदबत्ती लावली होती आम्ही," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. उदबत्ती म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं. ऐकल्यावर त्याने फक्त मान हलवली आणि माझ्या खांद्यावर त्याचा स्वतःचा कोट टाकला.

वाळूने भरलेल्या पेटीत घालून त्यांनी तो नेला. नंतर कळलं की लांब, लष्कराच्या मोकळ्या जागेवर नेऊन त्याचा स्फोट केला. केवढा झाला म्हणून मी विचारलं. सार्जंट म्हणाला, "तुमच्या गॅरेजला पुरून उरला असता." शेजारच्या घराचं काय, हे मी विचारलं नाही.

आईला भारतात फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाळ तुझ्या खांद्यावर होतं गं." आणि फोन बाबांकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नॅनांच्या नव्या खोलीत गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. कमांडरांचा फोटो भिंतीवर लागलाही होता. मी सगळं सांगितलं. आधी त्या हसल्या.

"नॉन्सेन्स," म्हणाल्या. "तो रिकामा आहे. कमांडर स्वतः सांगायचे."

"नॅना, मी एक्स-रे पाहिला. माझ्या डोळ्यांनी."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग फोटोकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरत गेला की मी बेल वाजवून नर्सला बोलावणार होते. त्यांनी हाताने नको म्हटलं.

"ते तोफांचे अधिकारी होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुला कळत नाहीये. तोच त्यांचा धंदा होता. गोळा भरलेला आहे की रिकामा, हे त्यांना हातात घेऊन कळलं असतं. वजनावरून. कळ जागेवर आहे हे तर दुरून दिसलं असतं."

मला हे सुचलंच नव्हतं. आदल्या दिवसापासून मी असंच धरून चालले होते की गोदीतल्या कुणा माणसाने कमांडरांना फसवलं असणार किंवा हलगर्जीपणा केला असणार.

मग त्या बोलायला लागल्या, थांबत थांबत, जणू माझ्याशी नाहीच. हिवाळ्यात जेवणघरातली शेकोटी पेटवायची असली की कमांडर आधी उठायचे, गोळा दोन्ही हातांनी उचलायचे आणि मागे कपडे धुवायच्या खोलीत ठेवून यायचे. शेकोटी विझल्यावरच परत आणायचे. आई हसायची, कमांडर मित्राला हवा खायला नेतात म्हणायची. "आम्हाला वाटायचं, रंगाला धग लागू नये म्हणून जपतात."

"आणि एकदा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "ते वेलिंग्टनला असताना आई मला दर शनिवारी त्याचं पितळ घासायला सांगायची. राखेने आणि लिंबाने. ते परत आल्यावर चकचकीत दिसायला हवं म्हणून. मी गुडघ्यांत धरून घासायची. ते सुट्टीवर आले आणि दारातच त्यांनी मला तसं बघितलं. माझ्या तोंडात मारली. आयुष्यात एकदाच मारलं त्यांनी मला. काही बोलले नाहीत. आईला वाटलं, मी ओरखडे पाडले म्हणून. मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं मला वाटत आलं की मी त्यांची वस्तू खराब केली."

मी त्यांचा हात धरला. थंडगार पडला होता.

"त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रोज रात्री तो दाराशी ठेवून ते झोपायला जायचे. आई आत, मी आत. आणि त्यांना माहीत होतं."

मग तो ठेवला तरी का, हा प्रश्न आम्ही दोघींनी नंतर कितीदा तरी चघळला. समुद्रात टाकून देता आला असता. इथल्या तळावर देता आला असता, त्यांचेच तर लोक होते. त्या खलाशासाठी ठेवला असेल, असं मी एकदा म्हटलं. नॅना फाडकन म्हणाल्या, "खलाशासाठी ठेवायचा तर कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवायचा. माझ्या आईच्या जेवणघरात नाही." खरं काय ते सांगायला ती माणसंच उरली नाहीत.

कमांडरांचा फोटो नॅनांनी त्या पहिल्याच दिवशी माझ्याकडून उतरवून घेतला आणि कपाटात पालथा ठेवायला लावला. संग्रहालयातल्या बाई मात्र चिकाटीच्या. त्या येऊन नॅनांना भेटल्या. गोळा गेला, पण कमांडरांची पदकं आणि तलवार त्यांना हवी होती. पाटीवर लिहायला त्यांची माहितीही. नॅनांनी सगळं देऊन टाकलं. माहिती सांगताना चीनचा किनारा, उत्तर समुद्र, डेव्हनपोर्ट, कोंबड्या, वेलिंग्टन, सगळं नीट सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि लिहा की त्यांनी एक जिवंत गोळा आपल्या बायकोपोरीच्या मध्ये ठेवला होता." त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा." काय लिहिलं ते आम्ही अजून बघायला गेलेलो नाही.

आमच्याकडे इतकंच झालं की मी ड्रायर लावला की गॅरेजमध्ये थांबत नाही. कामावर कधीकधी पडद्यावर छातीचं चित्र येतं आणि मी उगाच जास्त वेळ काळ्या जागेकडे बघत बसते. पेशंट घाबरून विचारतो, "काही गंभीर आहे का?" मग मी भानावर येते.

महिन्याभरापूर्वी नॅना स्वतःहून म्हणाल्या, मला कबरस्तानात घेऊन चल. दर वर्षी एप्रिलमध्ये सैनिकांच्या स्मरणदिनी त्या फुलं घेऊन जायच्या. यंदा गेल्या नव्हत्या. मी आणि लेक त्यांना घेऊन गेलो. वारा फार होता. त्या वॉकर धरून दगडासमोर उभ्या राहिल्या. वर कमांडरांचं नाव, खाली नॅनांच्या आईचं. फुलं आणली नव्हती. मला वाटलं, मनात काहीतरी म्हणतील आणि वळतील. पण त्या वर्गात पोरांना दटावतात तशा मोठ्याने, खणखणीत बोलल्या.

"तुम्ही आईला सांगायला हवं होतं. मला नाही, मी लहान होते. पण आईला सांगायला हवं होतं. तिने त्याला रंग दिला दर वर्षी. तिला वाटलं ती तुमची काळजी घेतेय."

पलीकडे एक माणूस गवत कापत होता, त्याने यंत्र बंद केलं आणि टोपी काढली. लेक माझ्या मागे लपली. नॅनांनी वॉकर वळवायला सुरुवात केली. चाक मातीत रुतलं. मी पुढे झाले तसं त्यांनी मला थांबवलं, स्वतःच जोर लावून सोडवलं.

गाडीत बसल्यावर लेकीने विचारलं, "नॅना, आर यू स्टिल मॅड ॲट हिम?"

"येस, डार्लिंग," नॅना म्हणाल्या. "हीप्स." म्हणजे ढीगभर.

आणि मग, पट्टा लावता लावता, त्यांनी मला विचारलं की वाटेत कुठे गरम काही खायला मिळेल का.